मंडळ थंडावते का आणि पुन्हा पेटते कसे?



व्यायामशाळा, भजनी मंडळ, नाट्यसंस्था, पक्षिनिरीक्षकांचा गट, यांपैकी एखादे तरी मंडळ तुमच्या गावात असेलच. एके काळी जोरात चाललेले, पण आता नुसती पाटी उरलेले मंडळही तुम्ही पाहिले असेल. वडीलधारी माणसे सांगतात, "आमच्या वेळी इथे बसायला जागा मिळत नसे!" मग ती माणसे गेली कुठे? कोणी भांडण केले, की कोणी कुलूप घातले? बहुधा यांपैकी काहीच झालेले नसते. मंडळ थोडेथोडे ओसरत जाते, आणि ते ओसरले हे ध्यानात येईपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

या लेखात आपण अशाच एका आधुनिक मंडळाचा विचार करणार आहोत. वेबसाइट बनवण्याचे एकच सॉफ्टवेअर वापरणारी हौशी माणसे गावोगाव एकत्र जमतात, एकमेकांच्या अडचणी सोडवतात. अशा वापरकर्त्यांच्या मंडळाला 'यूजर ग्रुप' म्हणतात. हे मंडळ का थंडावते? ते पुन्हा चालू करता येते का? आणि मुख्य म्हणजे, ते चालू करण्याची एवढी निकड का? या प्रश्नांची उत्तरे शोधायला आपल्याला फारसे काही लागणार नाही. गुणाकार, भागाकार आणि थोडी संभाव्यता एवढी शिदोरी पुरेल.

वेबसाइटचे सॉफ्टवेअर म्हणजे काय?

तुमच्या शाळेचे गुणपत्रक आठवा. त्यावरील चौकटी, शाळेचे नाव, विषयांची यादी सर्वांसाठी सारखीच असते. फक्त नाव आणि गुण बदलतात, आणि ते वर्गाच्या नोंदवहीतून घेतलेले असतात. पाचशे विद्यार्थ्यांसाठी पाचशे चौकटी हाताने आखत बसायचे कारण नाही. एक साचा आणि एक नोंदवही असली की काम भागते.

वेबसाइटचेही तसेच आहे. प्रत्येक पान हाताने लिहिण्याऐवजी मजकूर एका साठ्यात ठेवतात. त्याला डेटाबेस म्हणतात. पानाचा साचा निराळा असतो. कोणी पान मागितले की सॉफ्टवेअर साठ्यातून मजकूर काढते, साच्यात भरते आणि तयार पान वाचकाकडे धाडते. त्यामुळे संगणकाची भाषा न शिकलेले ग्रंथपालही वाचनालयाच्या वेबसाइटवर नव्या पुस्तकांची यादी स्वतः चढवू शकतात.

अशा सॉफ्टवेअरपैकी वर्डप्रेस २००३ साली आले, जूमला २००५ साली. जूमला हे नाव स्वाहिली भाषेतील 'सगळे मिळून' अशा अर्थाच्या शब्दावरून घेतले आहे. तो शब्द मूळचा अरबी, आणि आपल्यालाही तो परका नाही. जुन्या मराठीत 'जुमला' म्हणजे एकूण बेरीज, आणि शिवकालीन घोडदळात पाच हवालदारांवर एक 'जुमलेदार' असे!

आपण उदाहरणासाठी तिसरे सॉफ्टवेअर घेऊ. त्याचे नाव ड्रुपल. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात २००० साली काही विद्यार्थी राहत होते. त्या वेळी वेगवान इंटरनेट महाग होते, म्हणून त्यांनी आपल्या वसतिगृहांत एकच जोडणी बिनतारी पद्धतीने वाटून घेतली. जोडणी झाली, पण एकमेकांना साधा निरोप ठेवायची सोय नव्हती. त्यांच्यातील ड्रीस बॉयटार्ट या विद्यार्थ्याने एक छोटासा सूचनाफलक बनवला. जोडणी नीट चालू आहे का, रात्री जेवायला कुठे भेटायचे, असले निरोप त्यावर लिहिले जात. शिक्षण संपून मंडळी पांगायची वेळ आली तेव्हा गाठ सुटू नये म्हणून तो फलक सार्वजनिक इंटरनेटवर नेण्याचे ठरले. त्याचे नाव 'डोर्प', म्हणजे डच भाषेत खेडे, असे ठेवायचे होते. टंकताना अक्षरे मागेपुढे झाली आणि 'ड्रॉप', म्हणजे थेंब, असे नाव समोर आले. तेच त्यांनी ठेवले. पुढे जानेवारी २००१ मध्ये हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोकळे केले, तेव्हा थेंबाच्या डच शब्दावरून त्याला 'ड्रुपल' हे नाव मिळाले.

पाहा, पांगणाऱ्या मित्रांना एकत्र ठेवण्यासाठीच हे सॉफ्टवेअर जन्माला आले! ते फुकट मिळते, त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते, आणि जगभरचे स्वयंसेवक त्यात भर घालतात. भारत सरकारने २०१२ साली सार्वजनिक आकडेवारीचे जे संकेतस्थळ उघडले त्याच्या उभारणीतही ड्रुपल वापरले होते. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रुपलचे आशिया खंडातील पहिले मोठे संमेलन मुंबईत, पवईच्या आयआयटीत भरले होते.

सॉफ्टवेअर फुकट, मग मंडळ कशाला?

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर इंटरनेटवर मिळते, त्याची माहितीही तिथेच मिळते. मग शनिवारची दुपार खर्चून भेटायचे कशाला?

ही शंका नवी नाही, आणि तिचे उत्तरही जुने आहे. १९५५ साली अमेरिकेत आयबीएम ७०४ हा प्रचंड संगणक वापरणाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरात 'शेअर' नावाचे मंडळ काढले. प्रत्येक कारखान्याने तीच आज्ञावली स्वतंत्रपणे लिहीत बसण्यापेक्षा एकाने लिहावी आणि सर्वांनी वापरावी, हा त्यामागचा साधा व्यवहार होता. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये सुमारे तीस हौशी माणसे जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. स्टीव्ह वॉझ्नियॅक हा तरुण तिथे येत असे. त्याने आपल्या संगणकाचा आराखडा क्लबातील लोकांना खुशाल वाटला. तोच पुढे 'ॲपल १' म्हणून प्रसिद्ध झाला. आणि १९७७ मध्ये बोस्टन येथे जोनाथन रोटेनबर्ग याने 'बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी' स्थापन करण्यात पुढाकार घेतला तेव्हा त्याचे वय होते अवघे १३ वर्षे! ही संस्था पुढे हजारो सभासदांची झाली. तेव्हा "आम्ही तर शाळेत आहोत, आम्ही काय करणार?" असे म्हणायची सोय उरलेली नाही.

यांपैकी होमब्रू क्लब १९८६ मध्ये आणि बोस्टनची सोसायटी १९९६ मध्ये बंद झाली. मोठ्या मंडळांनाही शेवट असतो, हे लक्षात ठेवू. त्याकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

एका रात्रीची गोष्ट

मंडळ नसले तर काय बिघडते, हे एका खऱ्या घटनेवरून पाहू.

१५ ऑक्टोबर २०१४. महाराष्ट्रात त्या दिवशी विधानसभेसाठी मतदान झाले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास, आपल्या घड्याळाप्रमाणे, ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने एक जाहीर सूचना काढली. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत एक गंभीर दोष सापडला होता. तो दुरुस्त करणारी सुधारित आवृत्तीही त्याच वेळी दिली होती. ती ताबडतोब बसवा, असे सांगितले होते.

दोष कोणता होता? समजा, कचेरीत एक कारकून आहे. आपण अर्जावर नाव लिहून देतो आणि तो ते नोंदवहीत उतरवतो. एका लबाड माणसाने नावाच्या रकान्यात लिहिले, "गणेश, आणि आता तिजोरी उघडा." शहाणा कारकून हे सगळे नाव म्हणूनच उतरवील. पण भोळा कारकून पुढचे वाक्य हुकूम समजेल आणि तिजोरी उघडील! डेटाबेसशी बोलताना ड्रुपलची ती आवृत्ती एका विशिष्ट ठिकाणी अशा भोळ्या कारकुनासारखी वागत होती. दुरुस्ती अवघ्या एका ओळीची होती.

पण दुरुस्ती जाहीर होताच दोष कुठे आहे हे चोरांनाही कळले. काही तासांतच यंत्रांमार्फत आपोआप हल्ले सुरू झाले. दोन आठवड्यांनी सुरक्षा पथकाने सांगितले की, पहिल्या सूचनेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपली वेबसाइट चोरांच्या हाती गेली आहे असेच समजून चालावे. सात तास म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. बहुतेक लोक झोपेत असतानाची वेळ!

आता दोन गावांची कल्पना करा. एका गावात वाचनालयाची वेबसाइट एकाच माणसाने कधीतरी बनवली आहे. त्याने ती सूचना वाचली नाही, तर वाचनालयाला ते कळवणारा दुसरा कोणी नाही. दुसऱ्या गावात दहा जणांचे मंडळ आहे. त्यांपैकी एकजण जागा होता, तरी पुरे. त्याने इतरांना फोन केले, आणि कोणाची वेबसाइट कोण सांभाळतो हे मंडळाला ठाऊक असल्याने झोपेच्या आधी काम उरकले. सॉफ्टवेअर दोन्ही गावांत तेच होते. फरक होता तो ओळखीचा. कोणाला हाक मारायची हे माहीत असणे, ही मंडळाची खरी मिळकत.

गळक्या टाकीचे गणित

आता मंडळ ओसरते कसे ते पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

समजा, एका मंडळाच्या पहिल्या बैठकीला ३० माणसे आली. दर महिन्याला आलेल्यांपैकी पाचवा हिस्सा पुढच्या वेळी येत नाही. कोणाची बदली होते, कोणाची आवड बदलते. आणि दर महिन्याला २ नवी माणसे येतात. मग पुढच्या महिन्यात किती? ३० चे चार पंचमांश म्हणजे २४, अधिक २, म्हणजे २६. त्यापुढे पूर्णांकात सांगायचे तर २३, २०, १८, १७. वर्षअखेर उपस्थिती साधारण ११ वर आलेली असेल.

हे पाहून निमंत्रक घाबरतो. "मंडळ संपत चालले," असे म्हणतो. पण आणखी गणित करून पाहा. १० माणसे असताना २ जातात आणि २ येतात. म्हणजे १० वर संख्या स्थिर होते! तळाला भोक असलेल्या टाकीत नळाची बारीक धार सोडली तर पाणी एका पातळीवर येऊन थांबते, तसेच हे आहे. सूत्र सोपे आहे:

स्थिर उपस्थिती = दरमहा येणारे नवे लोक ÷ दरमहा गळणारा हिस्सा

आपल्या उदाहरणात २ ला एक पंचमांशाने भागले की १० येतात. पहिल्या दिवशी ३० आले होते की १००, याचा शेवटच्या पातळीशी काही संबंध नाही. म्हणून थाटामाटाचे उद्घाटन करून मंडळ टिकत नाही.

आता नवी माणसे येणे पूर्ण थांबले तर? १० चे ८, ८ चे ६, असे होत दहा महिन्यांत जेमतेम एकजण उरतो. बंद पडलेल्या पुष्कळ मंडळांची कथा हीच असते. भांडण नाही, तंटा नाही, फक्त दार उघडून आत येणारा नवा माणूस नाही.

पातळी वाढवायचे मार्ग सूत्रच सांगते. एक, धार मोठी करा. २ ऐवजी ४ नवे लोक आले तर पातळी २० वर जाते. दोन, भोक लहान करा. गळती पाचव्या हिश्श्याऐवजी दहाव्या हिश्श्यावर आली, तर २ च नवे लोक असूनही पातळी २० च होते. दरमहा दुप्पट नवी माणसे शोधणे अवघड. आलेल्या माणसाची नीट विचारपूस करणे त्यामानाने सोपे. बहुतेक मंडळे मात्र सगळी शक्ती जाहिरातीवर खर्च करतात आणि भोकाकडे पाहतच नाहीत.

किती माणसे पुरेत?

मंडळ मोठेच असले पाहिजे का? हेही मोजून पाहू.

समजा, मंडळातील प्रत्येकाला पाचांपैकी एका प्रश्नाचे उत्तर येते. म्हणजे एखाद्या प्रश्नाचे उत्तर त्याला न येण्याची संभाव्यता ०.८. दोघे असतील तर दोघांनाही न येण्याची संभाव्यता ०.८ × ०.८ = ०.६४. म्हणजे उत्तर मिळण्याची शक्यता १०० पैकी ३६. पाचजण असतील तर ती ६७ होते. दहाजण असतील तर ८९. आणि वीस असतील तर सुमारे ९९.

यातील मौज पाहिलीत का? पाचांचे दहा झाले तेव्हा २२ ची भर पडली. दहाचे वीस झाले तेव्हा फक्त १० ची. म्हणजे प्रत्येकाला थोडेथोडेच येत असले तरी दहा माणसांत बहुतेक प्रश्न सुटतात. मात्र एक अट आहे. सर्वांना तेच तेच येत असेल, तर हे गणित लागू पडत नाही. म्हणून मंडळात रंगसंगती जाणणारा, डेटाबेस जाणणारा, शुद्ध मराठी लिहिणारा, आणि वेबसाइट नुसती वापरणारा, अशी निरनिराळी माणसे हवीत.

तेव्हा जुने लोक "पूर्वी तीस यायचे" म्हणून उसासा टाकतात, त्यात तथ्य नाही. नियमित येणारे दहाजण म्हणजे निरोगी मंडळ होय.

मोठी वादळे

काही वेळा गळती एकदम वाढते. ड्रुपलच्या बाबतीत असे प्रसंग आलेले आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये आठवी आवृत्ती आली, तेव्हा आज्ञावलीची आतली रचना फार बदलली. व्यवसाय म्हणून काम करणाऱ्यांनी ती शिकून घेतली, पण हौशी माणसाला बरेचसे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. पुढे २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि जगभर प्रत्यक्ष बैठका थांबल्या. त्या वर्षीचे अमेरिकेतील ड्रुपल संमेलनही पडद्यावरच भरवावे लागले. पडद्यावर दूरचे व्याख्याते भेटले खरे, पण बैठक संपल्यावर चहा पिताना होणारी "अहो, माझे एक अडले आहे" ही विचारपूस हरवली. गळतीचे भोक बुजवणारी गोष्ट नेमकी तीच होती.

मग ५ जानेवारी २०२५ रोजी सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार संपला. म्हणजे तिच्यात नवा दोष सापडला तर ड्रुपलचे सुरक्षा पथक तिच्यासाठी दुरुस्ती देत नाही. पण त्या आवृत्तीवर उभ्या असलेल्या छोट्या संस्थांच्या वेबसाइट आपोआप नव्या होत नाहीत. कोणीतरी बसून त्या हलवाव्या लागतात. वाचनालयाला हे काम विकत करून घेणे परवडतेच असे नाही. मंडळ पुन्हा उभे करण्याचे याहून खरे कारण कोणते असणार?

मंडळ पुन्हा उभे करताना

आता प्रत्यक्ष कामाला लागू. तुमच्या गावात असे मंडळ पूर्वी होते, आणि तुम्ही, तुमचे संगणकाचे शिक्षक आणि आणखी दोघेतिघे ते पुन्हा चालू करू पाहता, असे समजू.

पहिले काम, जुन्या निमंत्रकांना भेटा. ते थकलेले असतील, रागावलेले नसतील. "काका, आम्ही पुढे चालवू का?" असे विचारले तर बहुधा त्यांना हायसेच वाटेल. सभासदांची जुनी यादी, मंडळाच्या नावाची नोंदणी, पासवर्ड, सभागृहाची ओळख हे सारे त्यांच्याकडे असते. ते रीतसर हाती घ्या आणि वहीत नोंदवा. यादीतील लोकांना पुन्हा बोलावण्यापूर्वी त्यांची संमती विचारा.

दुसरे काम, दिवस ठरवा आणि तो बदलू नका. "दर महिन्याचा तिसरा शनिवार, दुपारी चार" हे एकदा पाठ झाले की निमंत्रणावाचूनही माणसे येतात. "सर्वांच्या सोयीने ठरवू" म्हटले की कोणाचीच सोय होत नाही.

तिसरे काम, निमंत्रक तिघे करा. एका माणसाला दहा महिन्यांतून एकदा अडचण येते असे धरले, तर एकटा असताना दहातील एक बैठक बुडेल. दोघे असले तर दोघांनाही एकाच दिवशी अडचण येण्याची शक्यता शंभरात एक, तिघे असले तर हजारात एक. हे गणित अडचणी निरनिराळ्या असतील तेव्हाच खरे. दिवाळी आणि परीक्षा सर्वांना एकदमच येतात! त्या महिन्यांसाठी आधीच दुसरी तारीख ठरवून ठेवा.

चौथे काम, पहिल्या बैठकीत भाषणे ठेवू नका, काम ठेवा. गावातील एखाद्या संस्थेची वेबसाइट, त्या संस्थेच्या लेखी परवानगीने, दुरुस्त करायला घ्या. क्रम असा ठेवा. आधी सगळ्या मजकुराची आणि डेटाबेसची प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवा. ती प्रत खरोखर उघडते का ते तपासा, कारण न उघडणारी प्रत म्हणजे रिकामी पेटी. मग त्या प्रतीवरच सुधारित आवृत्ती बसवून पाहा. प्रत्येक पान, प्रत्येक अर्ज तपासा. सर्व ठीक असेल तरच मूळ वेबसाइटला हात लावा. प्रयोगशाळेत आधी थोड्या द्रावणावर चाचणी घेतात, तसेच हे.

पाचवे काम, नवख्यांसाठी पहिला अर्धा तास राखून ठेवा. नव्या माणसाला दारात कोणी नावाने विचारले नाही, बोलणे डोक्यावरून गेले, आणि त्याचा प्रश्न तसाच राहिला, तर तो पुन्हा येत नाही. म्हणून प्रत्येक नवख्याशेजारी एक जुना सभासद बसावा. त्याने एकच गोष्ट पाहावी: घरी जाण्यापूर्वी या माणसाचे एक तरी अडलेले काम सुटले का?

सहावे काम, ज्यांना आज्ञावली लिहिता येत नाही त्यांनाही काम द्या. ड्रुपलच्या पडद्यावरील सूचनांची भाषांतरे स्वयंसेवकच करतात, मराठीचीही. एखादी सूचना आजीला वाचून कळेल अशा मराठीत कशी लिहावी, हे तुम्ही विद्यार्थी उत्तम सांगू शकाल.

सातवे काम, उठण्यापूर्वी पुढच्या बैठकीचा विषय आणि तो मांडणारी व्यक्ती ठरवा. हे न ठरता बैठक संपली, तर ती शेवटची ठरण्याचा धोका असतो.

आणि एक इशारा. दुसऱ्याच्या वेबसाइटमध्ये परवानगीवाचून शिरून पाहणे, मग ते शिकण्यासाठी का असेना, हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे गुन्हा ठरू शकतो. दोष दिसला तर तो मालकाला कळवावा, चारचौघांत सांगू नये. तसेच बैठकीला जाताना घरी सांगून, शक्यतो शिक्षकांबरोबर जावे, आणि आपला पासवर्ड कोणालाही, अगदी मंडळाच्या निमंत्रकालाही देऊ नये.

यश कसे मोजावे?

नुसती डोकी मोजू नका. वहीत दर महिन्याला चार आकडे लिहा. गेल्या वेळी आलेल्यांपैकी किती पुन्हा आले? नवे किती आले? विचारलेल्या प्रश्नांपैकी किती सुटले? आणि गावातील किती वेबसाइट आज सुरक्षित आवृत्तीवर आहेत? पहिल्या आकड्यावरून गळती कळते, दुसऱ्यावरून धार, तिसऱ्यावरून मंडळाचे ज्ञान आणि चौथ्यावरून त्याचा उपयोग. सहा महिन्यांनी या आकड्यांचा आलेख काढा. मंडळ ओसरू लागले असेल तर तो आलेख ते तुम्हाला वेळीच सांगेल.

एखादे वेळी असेही दिसेल की लोकांना आता हे सॉफ्टवेअरच नको आहे, दुसरे हवे आहे. मग मंडळाने सॉफ्टवेअर बदलावे. होमब्रू क्लब बंद झाला, पण तिथे शिकलेली माणसे पुढे कामे करीतच राहिली. टिकवायचे आहे ते साधन नव्हे. एकाने अडावे आणि दुसऱ्याने हात द्यावा, ही सवय टिकवायची आहे.

करून पाहा

१. एका मंडळात १२ जण येतात. दरमहा चौथा हिस्सा गळतो आणि ३ नवे येतात. पुढच्या महिन्यात किती असतील? आणि सुरुवातीला २० असते तर संख्या शेवटी कुठे स्थिरावेल?

२. एका मंडळाचे चार निमंत्रक आहेत. प्रत्येकाला पाच बैठकांपैकी एकीला येता येत नाही. चौघेही एकाच वेळी गैरहजर असण्याची संभाव्यता किती?

३. आठ सभासदांपैकी प्रत्येकाला चारांपैकी एका प्रश्नाचे उत्तर येते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर निदान एकाला तरी येण्याची शक्यता शेकडा किती?

४. तुमची शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय आणि सहकारी संस्था यांच्यापैकी कोणाकोणाची वेबसाइट आहे, ती कोण सांभाळते, आणि त्या माणसाला अडचण आली तर तो कोणाला विचारतो, हे त्यांच्याकडे जाऊन नम्रपणे विचारा. शेवटच्या प्रश्नाला "कोणालाच नाही" हे उत्तर किती ठिकाणी मिळते ते मोजा. तुमच्या मंडळाची पहिली कार्यसूची तुमच्या हाती आलेली असेल.

उत्तरे: (१) १२. पहिल्या दिवशी २० असले तरी शेवटी १२ वरच. (२) ६२५ मध्ये १. (३) सुमारे ९०.